स्रोत सुरक्षित

पिंपळटोला, ता. मोहाडी
१२ जानेवारी २०१८

हातपंपाचा दांडा मी दोन्ही हातांनी धरून ठेवला तेव्हा सुंदरबाईचा हंडा गळ्यापर्यंत भरला होता. ती म्हणाली, "सोडा ना वो बाई, एवढाच भरू द्या." मी म्हटलं, वास घे. तिने वाकून वास घेतला. "मासोळीचा येते. आमच्या घरी सगळ्यालेच येते." मागच्या बायका हसल्या. मी हसले नाही आणि दांडाही सोडला नाही.

मग गोपीचंद आला. हल्ली तो सरपंच आहे. त्याच्या घरचं पाणी शाळेजवळच्या पंपाचं, गावाच्या वरच्या अंगाला. हा पंप खालच्या अंगाला, राइस मिलच्या भिंतीशी. इथे आपला मोहल्ला आणि मासे धरणाऱ्यांचा ढिवर मोहल्ला पाणी भरतो. तो म्हणाला, "नर्सबाई, कायले तमाशा करून राहिल्या? ढिवरांच्या बाया हंडे घासत नाईत, म्हणून वास येते." माझ्या निवृत्तीला सहा वर्षं झाली, गाव अजून नर्सबाईच म्हणतं. सुंदरबाईने हंडा उचलला आणि त्याच्या पायांवर रिकामा केला. बूट नवे होते.

धर्मेंद्र, काय झालं ते सांगते. मिल उसना, म्हणजे उकडलेल्या धानाचा, तांदूळ करते. बॉयलर गंजू नये म्हणून त्याच्या पाण्यात एक औषध घालतात. बॉयलरचं जुनं पाणी मिलच्या मागच्या खड्ड्यात सोडतात. खड्डा पंपापासून तीस पावलांवर आहे, मी मोजली. दिवाळीपासून पंपाच्या पाण्याला वास आहे. नोव्हेंबरात मी ग्रामपंचायतीत लेखी तक्रार दिली. उत्तरादाखल मिलने एक इंग्रजी अहवाल दिला, चाळीस पानांचा. ग्रामसेवक मिथुनने तो मोबाईलला दाखवला आणि मोबाईलने त्याचं मराठी केलं. अहवालाचं नाव असं: "पलीकडे वाचा पद्धतीने दीर्घकालीन तोंडी विषारीपणाचे मूल्यांकन." मी पान उलटून पलीकडे पाहिलं. पलीकडे कोरं होतं.

तोंडी विषारीपणा नाही, असा निष्कर्ष आहे. गोपीचंदने तो पंचायतीच्या ओट्यावर मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "पाहा गा, तोंडी विष नाई म्हनते. मंग नर्सबाईच्या तोंडाचं काय?" लोक हसले. मीही थोडी हसले. बोलला चांगलं.

तू हैदराबादला हेच काम करतोस असं तुझी आई तुझ्याकडे राहायला जाताना सांगून गेली. विषाचं. तेव्हा ह्याचा अर्थ लिही. फोन करू नको. फोनवर तू प्रत्येक वाक्याला हो हो म्हणतोस आणि नंतर कोण काय बोललं ते कुठेच राहत नाही. सुंदरबाईची सून नीतू हिला चौथा महिना आहे. ती ह्याच पंपाचं पिते.

जय भीम.
रत्नमालाआत्या

•

हैदराबाद
२० जानेवारी २०१८

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम. पत्र मिळालं. आमच्या वसाहतीत पोस्टमन क्वचित येतो. वॉचमनने त्याला आत सोडलं नाही, मला फाटकावर जाऊन पत्र घ्यावं लागलं.

तोंडी म्हणजे तोंडावाटे पोटात गेलेलं. बोलण्याशी त्याचा संबंध नाही. मोबाईलला हे कळत नाही.

पद्धत सोपी आहे. बाजारात हजारो रसायनं आहेत. प्रत्येक रसायन उंदरांना वर्षानुवर्षं पाजून पाहायचं म्हटलं तर वेळ पुरणार नाही, उंदीरही पुरणार नाहीत. शिवाय उंदरालाही जीव आहे. म्हणून जे रसायन तपासलेलं नाही, त्याचे तपासलेले भाऊबंद शोधतात. सांगाडा तोच, शेपटी थोडी लांब किंवा आखूड. शरीरात गेल्यावर ते सारखेच मोडत असतील, तर परिणामही सारखाच होईल असं मानतात. तपासलेल्याला 'स्रोत पदार्थ' म्हणतात, न तपासलेल्याला 'लक्ष्य पदार्थ'. स्रोताचं उत्तर लक्ष्याला लागू करायचं. 'पलीकडे वाचा' म्हणजे एवढंच.

तुमच्या अहवालात बहुधा दोन स्रोत असतील. उंदरांना नव्वद दिवस रोज घशात नळी घालून पाजलं असेल. ज्या मोठ्यात मोठ्या मात्रेला काही वाईट दिसलं नाही, ती घेतात. तिला दहाने भागतात, कारण माणूस उंदीर नाही. पुन्हा दहाने, कारण सगळी माणसं सारखी नाहीत. पुन्हा दोनाने, कारण नव्वद दिवस म्हणजे आयुष्य नाही. उरते ती मात्रा सुरक्षित. एवढा भागाकार झाल्यावर धोका फारसा उरत नाही.

हा अहवाल कोणी केला ते सांगता येणार नाही. अशा कंपन्या बऱ्याच आहेत. पण पद्धत जगभर मान्य आहे. काळजी करू नकोस. पाणी उकळून प्या.

तुझा
धर्मेंद्र

•

पिंपळटोला
२७ जानेवारी २०१८

चि. धर्मेंद्र,

पाणी उकळून प्या, असं तू लिहिलंस. जे औषध उकळत्या बॉयलरात महिनोन् महिने टिकतं, ते माझ्या पातेल्याला घाबरेल का? सुंदरबाईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढ्या शिकल्याले असं कसं सुचते वो?" मी म्हटलं, सवयीने. मीही नोकरीत हे वाक्य बत्तीस वर्षं म्हटलं. कोणत्याही रोगाला चालतं.

भाऊबंदांची पद्धत मला नीट समजली. आपल्या घराला लावून पाहिली. मला तीन भाऊ. आई एक, बाप एक, नाक तेच, चाल तीच. थोरला दारूला शिवला नाही. मधल्याने स्वतःच्या लग्नातही घेतली नाही. दोघांची तपासणी जन्मभर झालेली आहे, नव्वद दिवस नाही. म्हणजे धाकटा यादोराव, तुझा बाप, दारू पीत नव्हता. तुझ्या पद्धतीने हे सिद्ध होतं. तुझ्या आईला सांग, तिला बरं वाटेल.

आता कालचं. झेंडा झाला, जिलेबी वाटली, मग ग्रामसभा. मिथुनच्या मराठीत एक वाक्य आहे: "स्रोत दीर्घकाळ तोंडी घेण्यास सुरक्षित आहे." तुझ्या पत्रावरून मला कळलं की हा स्रोत म्हणजे तो दुसराच पदार्थ, उंदरांना पाजलेला. पण आपल्याकडे स्रोत म्हणजे पाण्याचा स्रोत, दुसरा अर्थच नाही. पंचायतीच्या नोंदीत तोच, ब्लीचिंग पावडरच्या रजिस्टरात तोच. विहीर, बोअर, हातपंप. सभेने ऐकलं ते असं की पंप सुरक्षित आहे. मी उभी राहिले. तुझं पत्र काढलं आणि वाचलं: तपासलेल्याला स्रोत म्हणतात. गोपीचंद म्हणाला, "मंग मी दुसरं काय म्हनतो बाई? स्रोत तपासलेला हाये." टाळ्या पडल्या. तुझ्या पत्राला पडल्या, तुला कळवायला हरकत नाही.

आज सकाळी पेंटर आला. पंपाच्या ओट्यावर निळ्या रंगात लिहून गेला: स्रोत सुरक्षित. चौदा घरांनी माझ्या सांगण्यावरून हे पाणी सोडलं होतं, लांबच्या विहिरीवर जात होती. दुपारपर्यंत अकरा घरं परत आली. नीतूही आली. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "लिवलं हाये ना आता, आत्याबाई."

आणखी एक. मिथुनने इंग्रजी अहवालाची झेरॉक्स दिली. शेवटच्या पानावर खाली, तयार करणाऱ्याच्या जागी, तीन अक्षरं आहेत: डी. वाय. आर. असा एक जण माझ्या ओळखीचा आहे, धर्मेंद्र यादोराव रंगारी. पण हा तो नसेल. त्याच्यासारखा दुसरा कोणी असेल.

आत्या

•

हैदराबाद
५ फेब्रुवारी २०१८

प्रिय आत्या,

मीच आहे तो.

अहवाल दोन वर्षांपूर्वीचा आहे. महिन्याला चार होतात, नावं लक्षात राहत नाहीत. तुझ्या पहिल्या पत्रात बॉयलर वाचलं तेव्हाच शंका आली होती. कपाट उघडून पाहिलं. मग तुला लिहिलं की सांगता येणार नाही. ते तसं खोटं नाही. करारात तसंच लिहिलं आहे, सांगता येणार नाही.

तो अहवाल तुमच्या पंपाचा नाही. औषध विकायला परवानगी हवी होती, त्यासाठी केला. पान एकतीस, दुसरा परिच्छेद बघ: "हा पदार्थ बंद यंत्रणेत वापरला जातो. पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध येत नाही असे गृहीत धरले आहे." मिलने हे पान वाचलं नसेल, किंवा वाचलं असेल. चूक माझी नाही, हे वाक्य मी ह्या पत्रात चारदा लिहिलं आणि चारदा कागद बदलला.

हेच लिहून खाली सही कर, असं तू म्हणशील. करता येत नाही. अहवाल ग्राहकाचा असतो. बाहेर त्याबद्दल लेखी अक्षर काढलं तर नोकरी जाते. मी एकटा असतो तर गोष्ट वेगळी होती, असं लोक लिहितात. मी एकटा असतो तरी सही केली नसती कदाचित.

एक मार्ग आहे. पाणीच तपासून घ्या. पंचायतीला सांग, कोणत्याही प्रयोगशाळेला बोलवा. पाण्याचा आकडा हातात आला की अहवालाचं काम उरत नाही.

बाबांचं लिहिलंस ते आईला दाखवलं नाही.

धर्मेंद्र

•

पिंपळटोला
२२ फेब्रुवारी २०१८

चि. धर्मेंद्र,

तपासणीवाला येऊन गेला. मिलनेच बोलावला, कुठल्याशा खाजगी प्रयोगशाळेचा. गळ्यात ओळखपत्र, हातात बर्फाचा डबा. मिलकडच्या वाटेवर धानाचे ट्रक उभे होते, त्याची गाडी निघेना. तो गोपीचंदकडे चहा प्याला आणि शाळेच्या पंपाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. मी पोचले तेव्हा बूच लावत होता. म्हटलं, साहेब, हा पंप नाही, तो खालचा. तो म्हणाला, "मॅडम, दोन्हींची खोली सारखी, खडक सारखा, गाव एकच. ह्याचं आलं ते त्याला लागू." मी विचारलं, तुम्ही हैदराबादला शिकलात का? म्हणाला, नाही, नागपूरला.

निकाल आठ दिवसांत आला. क्षार ठीक, नायट्रेट ठीक, वास नाही. शाळेच्या पंपाला वास नाही हे मी त्याला चहाच्या आधी सांगितलं असतं. गोपीचंदने निकाल ओट्यावर डकवला, निळ्या अक्षरांच्या वर.

म्हणून मी खालच्या पंपाचं पाणी काचेच्या बाटलीत भरलं. काठोकाठ, हवा न ठेवता. एसटीने भंडाऱ्याला गेले, कुरिअरच्या दुकानात. पोराने विचारलं, "अंदर क्या है?" मी म्हटलं, पाणी. "लिक्विड नहीं जाता, माताजी." मी म्हटलं, गंगाजल है. त्याने बाटली कपाळाला लावली आणि ठेवून घेतली. छप्पन साली माझ्या आजोबांनी जे जे सोडलं, त्यातलं एक मी त्या काउंटरवर पाच मिनिटांपुरतं परत घेतलं. पाणी पवित्र म्हटलं की जातं, विषारी म्हटलं की जात नाही. हे तुझ्या कामाचं असेल तर बघ.

बाटली दोन दिवसांत मिळेल. यंत्र तुझ्याकडे आहे. त्याचा करार नसेल.

आत्या

•

हैदराबाद
१२ मार्च २०१८

प्रिय आत्या,

बाटली मिळाली. रविवारी यंत्र रिकामं असतं. तीन रविवार लागले, कारण पहिल्या दोन आकड्यांवर माझा विश्वास बसला नाही.

औषध पाण्यात आहे. माझ्या भागाकारातून जो सुरक्षित आकडा आला होता, त्याच्या निम्मं. म्हणजे अहवालाप्रमाणे हे पाणी पिण्यास हरकत नाही. इथे पत्र संपवलं असतं तर तुला काही कळलं नसतं. मी सही करायला घेतलीही होती.

पण चौथा होता.

तीन रसायनांचं तुला सांगितलं, दोन तपासलेली आणि एक हे. त्याच सांगाड्याचं एक चौथं आहे. तेही तपासलेलं आहे. ते गाभण माद्यांना पाजलं तेव्हा पिल्लं कमी वजनाची झाली, काही मेलेली झाली, आणि तेही अगदी थोड्या मात्रेला. ग्राहकाने विचारलं, हा खरंच भाऊबंद धरायचा का? आमची बैठक झाली. बिस्किटं होती. चौथ्याची शेपटी आपल्या औषधापेक्षा एका कार्बनाने लांब आहे, असं मी दाखवलं. सगळ्यांना ते पटलं. मी त्याला यादीतून काढलं आणि कारण लिहिलं: समानता अपुरी. ज्या दोघांना ठेवलं, त्यातल्या एकाची शेपटीही एका कार्बनानेच वेगळी आहे. आखूड बाजूने. हे कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तू बाबांचं लिहिलंस तेव्हा मला हा चौथा आठवला. थोरल्या काकांच्या घरी भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत, बाबांचा नाही. तिथेही कोणीतरी शेपटी मोजली असेल.

चौथा धरला तर सुरक्षित आकडा चाळीस पटींनी खाली येतो. मग पंपाचं पाणी त्याच्या वीस पट वर जातं. नीतूला ते देऊ नका. कोणालाच देऊ नका.

सोबत टाईप केलेला कागद आहे. सगळे आकडे आहेत. नाव नाही, सही नाही. एवढ्यावर सभेचं काम होईल.

धर्मेंद्र

•

पिंपळटोला
१९ मार्च २०१८

चि. धर्मेंद्र,

कागद परत पाठवते. गोपीचंद विचारेल, कोणी लिहिलं? मी काय सांगू, भाच्यासारख्या कोणीतरी? सही नसलेला कागद तोंडीच असतो. इथे तोंडीचा अर्थ मोबाईलला बरोबर कळतो.

नीतूचं सांगते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सुंदरबाई तिला घेऊन शाळेच्या पंपावर गेली. तिथे गोपीचंदची बायको रुखमिणी होती. ती म्हणाली, "तुमचा पंप चांगला हाये, लिवून देल्ला हाये. मंग आमच्या पंपावर काहून?" सुंदरबाई म्हणाली, "पोटुशी हाये वो बाई, तिच्यापुरतं." रुखमिणी म्हणाली, "आज एक पोटुशी, उद्या सारा मोहल्ला. अन् वास येते तुमच्या हंड्याले." दोघी रिकाम्या परत आल्या. म्हणजे बघ, आमचा पंप जोवर सुरक्षित आहे तोवर दुसऱ्या पंपावर आमचा हक्क नाही. त्या दोन निळ्या शब्दांचं खरं काम हे आहे. आमच्या बायका वर येऊ नयेत म्हणून ते पाणी चांगलं आहे. आणि विहीर मार्चातच तळाला गेली.

मी रोज आंधळगावच्या एसटीने दोन कॅन आणते. एक नीतूला पुरतो, एक मी आणि शेजारची दोन घरं. कंडक्टर विचारतो, गावात पंप नाही का? बाकीची घरं पंपाचंच पितात. त्यांना मी काय दाखवू?

तू चौथ्याचं सांगितलंस, मीही एक सांगते. दर महिन्याला माझ्याकडून रोगांचा तक्ता जायचा. अमुक रोगाचे रुग्ण किती. मी लिहायची, निरंक. बत्तीस वर्षांत कितीदा लिहिलं असेन. रुग्ण नव्हते म्हणून नेहमी नाही. कितीदा तरी मी त्या टोल्यावर गेलेच नव्हते. पाऊस असायचा, नाला असायचा. वरून शाबासकी यायची, तुमचा भाग निरोगी आहे. मी ती घ्यायची. त्या तक्त्यांवर माझी सही आहे. न पाहिल्याची सही मी केली, पाहिल्याची तुला होत नाही.

रागावून लिहीत नाही. नीतूला सहावा सरत आला. पुढची ग्रामसभा एक मेला आहे.

आत्या

•

हैदराबाद
२६ मार्च २०१८

आत्या,

सोबत दोन पानं. सही केली आहे. पूर्ण नाव लिहिलं आहे, बाबांच्या नावासकट. पाण्याचा आकडा, पान एकतीस आणि चौथा, तिन्ही आहे. 'स्रोत' हा शब्द कुठेही वापरलेला नाही. 'तोंडी'ही नाही. 'प्यायल्यास' असं लिहिलं आहे.

एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली. विचारलं, "मराठी में क्यों लिखा?" मी म्हटलं, मोबाईलला दाखवा.

आईला अजून सांगितलं नाही.

धर्मेंद्र

•

पिंपळटोला
२ मे २०१८

चि. धर्मेंद्र,

नवा पत्ता तुझ्या आईने कळवला. ती खोली कंपनीची होती हे मला माहीत नव्हतं. तू लिहिलं नव्हतंस. मी विचारलंही नव्हतं.

काल सभा झाली. तुझी दोन पानं मी वाचली. चष्मा दोनदा पुसावा लागला. मग गोपीचंद म्हणाला, "सही घरच्या मानसाची हाये. भाचा आत्यासाठी लिहीनच." मी मिथुनला मिलचा अहवाल आणायला सांगितला, शेवटचं पान उघडायला लावलं आणि दोन्ही कागद त्याच्या मांडीवर ठेवले. मिथुनने तिथली तीन अक्षरं आणि इथलं पूर्ण नाव बोटाने जुळवून पाहिलं. मग म्हणाला, "सरपंच साहेब, दोन्ही एकाच मानसाचे आहेत." गोपीचंद म्हणाला, "मंग झालंच तं. एक म्हनते चांगलं, एक म्हनते खराब. बरोबरी झाली. पंप चालू ठेवा."

मी दोन्ही कागद उचलून घेतले. तेव्हा मागून गोमाजी उठला. तळ्यावर जाळं टाकतो तो म्हातारा, सभेत कधी बोलत नाही. म्हणाला, "नर्सबाई, पहिला कागद लिवला तवा पोराले काय भेटलं?" मी म्हटलं, पगार. "अन् दुसरा लिवला तवा?" मी म्हटलं, नोकरी गेली. तो म्हणाला, "मंग दुसरा धरा गा," आणि खाली बसला.

ढिवर मोहल्ल्याने हात वर केले. आपल्यानेही केले. वरच्या अंगाचे चार हात आले. दोन शिक्षकांचे, एक मिथुनच्या बायकोचा, एक कोणाचा ते मला दिसलं नाही.

ठराव असा झाला. मिलजवळचा पंप बंद. खालच्या मोहल्ल्यांनी शाळेच्या पंपावर पाणी भरावं. मिलच्या खड्ड्याबाबत इतर गावांतल्या समान प्रकरणांचा अभ्यास करून नंतर निर्णय घ्यावा. शेवटचं वाक्य गोपीचंदने सांगितलं आणि मिथुनने लिहिलं. 'समान' हा शब्द त्यांना आता पाठ झाला आहे. मी विरोध नोंदवला, लेखी. खाली माझी सही आहे आणि सुंदरबाईचा अंगठा.

खड्ड्याचं उद्यापासून बघते. तू इकडे ये असं मी लिहिणार नाही, इथे यंत्र नाही. पण यायचं असेल तर ये.

आज सकाळी सहाला नीतू शाळेच्या पंपावर गेली. आठवा महिना आहे, सुंदरबाई सोबत होती. रुखमिणीने तिचा हंडा उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. नीतू शेवटी उभी राहिली. साडेसातला तिची पाळी आली. तिने दोन हंडे भरले आणि घरी आणले. आठ वाजता मिलने बॉयलरचं पाणी खड्ड्यात सोडलं.

आत्या